वाळूत, वाडीत, शेतात पडलेलं सोनं: मेटल डिटेक्टर घेऊन दागिना कसा शोधायचा

दागिना हरवल्याचा फोन आला की मी पहिलं विचारते, "आत्ता तिथे किती जण शोधताहेत?" उत्तर बहुतेक वेळा दहा-बारा असं येतं. मग मी कळकळीने सांगते, की आधी सगळ्यांना तिथून बाजूला करा. वाळूत किंवा मऊ मातीत पडलेली अंगठी पहिली काही मिनिटं वरच असते. तिला खाली दाबतात ती शोधणाऱ्यांची पावलं आणि घाईने उपसणारे हात.

मी दापोली तालुक्यात राहते. आठ वर्षांपासून माझ्याकडे डिटेक्टर आहे. पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर), पोफळीच्या वाड्यांत, भाताच्या खाचरांत आणि लग्नघरांच्या अंगणांत मी तो फिरवला आहे. मशीनची बटणं कशी दाबायची ते त्याच्या पुस्तिकेत असतं. पण आपल्या मातीत, आपल्या बायकांच्या दागिन्यांसाठी ते कसं वापरायचं हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. ते चुकत चुकत शिकावं लागलं, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिला तास: मशीन येण्याआधी

दागिना गेल्याचं लक्षात आलं त्या क्षणी जिथे उभे आहात तिथे काठी, चप्पल, पाण्याची बाटली, जे हाताशी असेल ते रोवून ठेवा. मोबाइलवर त्या जागेचं लोकेशन सेव्ह करा. पण तेवढ्यावर विसंबू नका, मोबाइलचं लोकेशन पाच-दहा मीटर सहज चुकतं. आमच्याकडचे मच्छीमार समुद्रात जागा लक्षात ठेवायला जे करतात ते करा: एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा बघा, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्याच्या पुढचा माड. मग दुसऱ्या दिशेला अशाच आणखी दोन खुणा धरा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही आहात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पुळणीवर दुसऱ्या दिवशी सगळी वाळू सारखीच दिसते, तेव्हा हे फोटोच कामाला येतात.

मग मोबाइलमधले त्या दिवसाचे सगळे फोटो उघडा. प्रत्येक फोटोवर वेळ असते. चार वाजून दहा मिनिटांच्या फोटोत बोटात अंगठी दिसते आणि पाच वाजताच्या फोटोत दिसत नाही, एवढं कळलं तरी शोधाची जागा दहापट लहान होते. लग्नकार्य असेल तर इतरांच्या मोबाइलमधले फोटोही मागवा. आठवण फसवते. "मी घरातून निघताना गळ्यात होतंच" असं ठामपणे सांगणाऱ्या एका वहिनींचं मंगळसूत्र मोरीतल्या खुंटीवर टांगलेलं निघालं होतं. म्हणून पर्स, गाडीची सीट, टॉवेल, ओले कपडे आणि पिशवीचं अस्तर हे सगळं आधी नीट झाडून बघा. झाडायचं ते चादर अंथरून, तिच्यावर.

हरवणाऱ्या व्यक्तीला विचारायचे प्रश्न साधे असतात, पण ते शांतपणे आणि शक्यतो एकटीला बसवून विचारावेत. शेवटचा हात कधी लागला? त्यानंतर हात कशात घातला? पाण्यात गेलात का, हाताला तेल किंवा क्रीम लावलं होतं का, वाळू झटकली का, टॉवेल झाडला का, चेंडू फेकला का? गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते, त्यामुळे "समुद्रात जाऊन आल्यावर" हे उत्तर मी नेहमी नोंदवून घेते. घरचे भोवती असले की बाई घाबरून "हो, तिथेच" म्हणून मोकळी होते, आणि सगळा दिवस चुकीच्या जागी जातो.

या संदर्भात एक जुनी गोष्ट मला फार उपयोगी पडली आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला आणि गोळी शरीरात राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं धातू शोधणारं उपकरण घेऊन आले. मुख्य डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, म्हणून त्यांनी तेवढ्याच बाजूचा शोध घेऊ दिला. शिवाय रुग्ण ज्या पलंगावर होता त्याच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. सांगितलेल्या जागेच्या पलीकडेही शोधायचं आणि आपल्या आसपासचा धातू आधी दूर करायचा, या दोन्ही गोष्टी मी तिथून घेतल्या. शोधताना माझ्या हातात बांगडी नसते, पायात लोखंडी टाचेचे बूट नसतात आणि मोबाइल मागच्या पिशवीत असतो.

कोणतं मशीन

मॉलच्या किंवा देवळाच्या दारात सुरक्षारक्षकाच्या हातात असतो तो दांडीसारखा डिटेक्टर जमिनीतला दागिना शोधायला पुरत नाही. त्याची झेप काही सेंटिमीटरची. पण वैरणीचा भारा, धान्याची रास, निर्माल्याचा ढीग किंवा उकरलेली माती तपासायला तो चांगला. लग्नाच्या किंवा यात्रेच्या बंदोबस्ताला माणसं पुरवणाऱ्यांकडे तो एखाद्या दिवसापुरता मिळू शकतो.

जमिनीसाठी लागतो तो लांब दांड्याचा आणि खाली गोल कॉईल असलेला. कॉईलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्याने धातूत विजेचे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र परत येऊन कॉईलला कळतं. सर्वसाधारण मशीन एकाच वारंवारतेवर चालतात, साधारण ५ ते २० किलोहर्ट्झच्या दरम्यान. बारीक सोन्यासाठी यातली वरची, म्हणजे १५-२० किलोहर्ट्झची मशीन बरी. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी मशीन ओल्या खाऱ्या वाळूत फार सरस ठरतात. कोकणात एकच घ्यायचं असेल तर मी तेच घ्या म्हणेन. तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. तो खनिजं भरलेल्या जमिनीतही खोल जातो, पण लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं हे फारसं सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक खिळ्यासाठी खणावं लागतं.

कॉईल 'डबल डी' रचनेची घ्या. आपल्या जमिनीत लोह भरपूर आहे आणि ही रचना त्याला कमी भुलते. सोबत हाताच्या पंजाएवढा पिनपॉइंटर हवाच. खड्ड्यात नेमका कुठे दागिना आहे ते तो सांगतो. त्याच्याशिवाय खणलं तर खुरप्याचं पातं दागिन्यावर बसायची भीती असते.

मशीन नसेल तर ज्यांच्याकडे आहे अशांना बोलवा. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सोपं आहे. 'द रिंग फाइंडर्स' नावाची एक डिरेक्टरी आहे, तीत गावोगावचे शोधणारे सापडतात.

आपले दागिने मशीनला कसे ऐकू येतात

हा भाग मी सर्वांत सावकाश वाचायला सांगते. बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

मशीनला वजनापेक्षा आकार जास्त कळतो. सगळीकडून जोडलेली गोल कडी असेल तर तिच्यात प्रवाह गोल फिरतो आणि आवाज खणखणीत येतो. पाटल्या, बांगड्या आणि साधी अंगठी हे मशीनचे आवडते दागिने. सपाट पडलेली अंगठी साध्या मशीनलाही चांगली ऐकू येते. तीच अंगठी उभी रुतली असेल तर आवाज बराच कमी होतो.

कडी तुटलेली किंवा उघडी असेल तर गोष्ट बदलते. जोडवी चांदीची असतात आणि चांदी फार चांगली वाहक, पण बहुतेक जोडव्यांना मागे फट असते. त्या फटीमुळे प्रवाह पूर्ण फिरत नाही आणि आवाज अपेक्षेपेक्षा बारीक येतो. नथीचं तसंच: बारीक सोन्याची तार, तीही उघडी, आणि वर मोती. मोती मशीनला दिसत नाहीत. कुड्यांतही सोनं असतं ते मोत्यांना बांधणाऱ्या तारेचं आणि मागच्या मळसूत्राचं. असे दागिने शोधताना कॉईल जमिनीला जवळजवळ घासत न्यावी लागते, आणि सात-आठ सेंटिमीटरच्या खाली ते ऐकू येतील ही आशा मी दाखवत नाही.

चेन सगळ्यांत फसवी. दीड तोळ्याची चेन म्हणजे भरपूर सोनं, असं आपल्याला वाटतं. मशीनला ती चेन एकसंध दिसत नाही, एकेक बारीक कडी सुटी सुटी दिसते. प्रत्यक्षात ऐकू येतो तो हूक किंवा लॉकेट. एका काकूंची अशी चेन पोफळीच्या वाडीत, शिंपणं करताना पडली होती. खाली ओला पातेरा, मधूनमधून जांभ्याचे खडे. तीन तास काही नाही. मग पाटाच्या कडेला एकाच दिशेने कॉईल नेली की 'टिक' असं बारीक काहीतरी यायचं, उलट फिरवली की नाही. मी गुडघ्यावर बसले, वाळलेली विरी (पोफळीच्या पानाचा रुंद देठ) उचलली, पातेरा एकेक पान करून बाजूला केला. खाली गांडुळाच्या मातीत ज्वारीच्या दाण्याएवढा हूक चमकला. बाकीची चेन त्याच्यामागून मातीतून सरसरत वर आली. तेवढ्या हुकाचाच तो आवाज होता. चेनसाठी शोधताना "दोन्ही बाजूंनी एकसारखा आवाज आला तरच खणायचं" हा पुस्तिकेतला नियम बाजूला ठेवा.

मंगळसूत्रात काळे मणी काचेचे असतात, ते ऐकू येत नाहीत. ऐकू येतात त्या दोन वाट्या आणि सोन्याचे मणी. वाट्या बऱ्याचदा पातळ पत्र्याच्या आणि आत लाख भरलेल्या असतात. तरी त्यांचा आकार मशीनला सोयीचा असल्याने दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत त्या मिळतात. मणी तारेत ओवलेले असतील तर थोडी मदत होते, दोऱ्यात असतील तर वाटीवरच भिस्त.

आता सोन्याचा आवाज. मशीनच्या पडद्यावर प्रत्येक धातूसाठी आकडा येतो. सोन्याच्या अंगठीचा ठरावीक आकडा नसतो. २२ कॅरेट, म्हणजे ९१६ हॉलमार्कच्या जड अंगठीचा आकडा वर जातो, १८ कॅरेटच्या हिऱ्याच्या नाजूक अंगठीचा खाली येतो, प्लॅटिनमचा आणखी खाली. आणि याच पट्ट्यात सिगारेटच्या पाकिटाचा चांदीसारखा कागद, गोळ्यांच्या पाकिटाचे तुकडे आणि कॅनच्या कड्याही येतात. यंत्राला अ‍ॅल्युमिनिअम आणि सोनं वेगळं काढता येत नाही. कचरा गाळण्याची सोय, ज्याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात, ती चालू केली की सोनंही गाळलं जातं. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. पुळणीवर कचऱ्याचे आवाज फार येत होते, मी गाळणी वर चढवली, आणि एका मुलीची साखरपुड्याची अंगठी आहे त्या जागेवरून दोनदा कॉईल नेली. मशीनने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी गाळणी बंद केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत ती मिळाली. तिची ती रात्र कशी गेली असेल हे आठवलं की मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून हरवलेल्या दागिन्यासाठी मी फक्त लोखंड गाळते, आणि कचरा कमी असेल तर तेही नाही.

त्यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे नमुना. कुडीची दुसरी कुडी, जोडव्याचं दुसरं जोडवं, पाटलीची जोडीदार, नवऱ्याची तशीच अंगठी असं काहीतरी बहुतेक घरांत असतंच. तो नमुना लाल रिबन बांधून त्याच जमिनीवर ठेवा, वरून कॉईल फिरवा, आकडा आणि आवाज लक्षात घ्या. मग तो पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर पुरून पुन्हा ऐका. मशीन कुठपर्यंत ऐकतं हे तुम्हाला त्याच मातीत कळतं, अंदाजाला जागा राहत नाही.

मशीन जमिनीशी जुळवणं

कोकणातला जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड. देशावरची काळी माती काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. तिच्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जागोजागी काळसर वाळूचे पट्टे दिसतात, त्यात इल्मेनाइट हे लोह असलेलं खनिज असतं. या सगळ्या जमिनी मशीनला धातूसारख्या भासतात. म्हणून कुठेही सुरुवात करताना धातू नाही अशी हातभर जागा शोधा, ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून ठेवा आणि कॉईल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीजवळ आणत वर-खाली करा. आवाज सपाट झाला की जमीन जुळली. कोरड्या वाळूवरून ओल्या वाळूवर गेलात की पुन्हा जुळवा. वाडीतून अंगणात आलात तरी पुन्हा जुळवा. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं त्यांचा अर्धा दिवस जांभ्याचे खडे खणण्यात जातो.

संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेण्याचा मोह होतो. मशीन स्वतःशीच बडबडायला लागलं तर दोन-तीन पायऱ्या खाली आणा. शांत मशीनवरच ती बारीक 'टिक' ऐकू येते. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा शेजारी पंप चालू असेल तर तो बंद करायला सांगा. हेडफोन जरूर लावा, विशेषतः लाटांच्या आवाजात.

आखणी करून शोधा

मनाला येईल तिथे कॉईल फिरवली की काही जागा दहा वेळा तपासली जाते आणि काही एकदाही नाही. लाकडी किंवा बांबूच्या खुंट्या रोवा, सुतळीने सव्वा मीटर रुंदीचे पट्टे आखा. एका पट्ट्यातून पुढे जाताना कॉईल डावीकडून उजवीकडे, जमिनीपासून दोन बोटांवर आणि समांतर ठेवायची. टोकाला पोहोचल्यावर हात वर उचलला जातो, तो उचलू द्यायचा नाही. प्रत्येक फेरीला कॉईल निम्म्याहून जास्त मागच्या जागेवर यायला हवी. म्हणजे ११ इंची कॉईल असेल तर दर फेरीला १०-१२ सेंटिमीटरच पुढे सरकायचं. दहा मीटर बाय दहा मीटरच्या चौकोनाला अशा साडेसहाशे ते आठशे फेऱ्या लागतात. खणण्याचा वेळ सोडून अर्धा-पाऊण तास. एवढी चौकोनी जागा पुरी झाली की सुतळी आडवी आखून पुन्हा एकदा. उभी रुतलेली अंगठी आणि चेनचा हूक बऱ्याचदा या दुसऱ्या वेळीच मिळतो.

खोलीबद्दल भ्रम नको. लहान वस्तू कॉईलच्या रुंदीपेक्षा खोल असेल तर अंतर दुप्पट झालं की परत येणारा संदेश सुमारे ६४ पट क्षीण होतो. 'दोन फूट खोलवरचं सोनं शोधा' असं म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. कॉईल जमिनीपासून वीतभर वर धरून चालणारा माणूस ती वीत खालून गमावतो.

भांडणात भिरकावलेल्या अंगठ्याही मी शोधल्या आहेत. तिथे आखणीआधी एक प्रयोग करते. अंगठीच्या वजनाचा पितळी वायसर घेऊन त्याला रिबन बांधते आणि ज्याने फेकली त्यालाच त्याच जागेवरून, त्याच हाताने पाच वेळा फेकायला सांगते. ते पाच वायसर जिथे पडतात तो माझा पहिला चौकोन. रागात माणसाला वाटतं की फार लांब गेली. मला त्या बहुतेक वेळा फेकणाऱ्याच्या समजुतीपेक्षा अलीकडेच मिळाल्या आहेत.

खणताना

आवाज आला की कॉईल एकदा आडवी आणि एकदा उभी फिरवा. दोन्ही रेषा मिळतात तिथे काडी रोवा. आधी वरचा पाला, गवत हाताने बाजूला करा, कारण नुकताच पडलेला दागिना वरच असतो. हिरवळ असेल तर तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर ढलपा उलटा, नंतर तसाच बसवता येतो. माती गोणपाटावर काढा. खड्ड्यात पुन्हा कॉईल फिरवा. आवाज गेला असेल तर दागिना गोणपाटावरच्या मातीत आहे, आता पिनपॉइंटर घ्या आणि मूठ-मूठ माती तपासा. कुदळ आणि पारई घराबाहेर आणूच नका.

वाळूत खड्डा लगेच बुजतो. तिथे जाळीचा मोठा झारा किंवा प्लास्टिकची भाजीची जाळी कामाला येते. प्लास्टिक अशासाठी की तिच्यातच कॉईलने तपासता येतं. नथ आणि कुडीसाठी तर मी सरळ वरची दोन बोटं माती खरवडून चाळते.

पावसाळ्यात गवतात हात घालण्याआधी काठीने आपटा. आणि सापडलेला कचरा पुन्हा तिथेच टाकू नका. एकतर तो पुन्हा आवाज करेल, दुसरं म्हणजे पत्र्याचा तुकडा कुणाच्या पायात जाईल. माझ्या कमरेला दोन पिशव्या असतात, एक कचऱ्याची आणि दुसरी चेनची, म्हणजे चेन लावून बंद होणारी.

पुळणीवर: भरती-ओहोटीचं गणित

शुद्ध सोनं पाण्याच्या १९ पट जड, २२ कॅरेटचं सुमारे साडेसतरा पट, वाळू मात्र अडीच पटीच्या आसपास. त्यामुळे लाटांनी हलणाऱ्या ओल्या वाळूत अंगठी झपाट्याने खाली जाते आणि खालच्या घट्ट थरावर जाऊन बसते. कोरड्या वाळूत, मर्यादवेलीच्या आणि सुरूच्या झाडांच्या मुळांत ती तशी खूप दिवस वर राहते. म्हणून ओल्या पट्ट्यात हरवली असेल तर पुढच्या ओहोटीलाच गाठा. कोरड्या भागात हरवली असेल तर दोन दिवसांनीही आशा धरा.

ओहोटीची वेळ काढायला आमच्याकडची जुनी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तक्ताही बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत लांब ओसरतं आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमाराला येते. सकाळची ही ओहोटी शोधाला फार चांगली, पुळणीवर गर्दी नसते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे लहान भरती-ओहोटीची, असते; त्या दिवसांत पाणी कमी ओसरतं, मग खालचा पट्टा मिळतच नाही. सुकती लागल्यावर, म्हणजे पाणी ओसरू लागल्यावर, पाण्यामागोमाग खाली उतरा, पाणी वळलं की वर या. एकटीने, पाठ समुद्राकडे करून कधी शोधू नका.

पावसाळ्यात लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि ऑक्टोबरपासून ती परत भरत जाते. डिसेंबरात हरवलेली अंगठी मेपर्यंत वाळूच्या जाड थराखाली जाऊ शकते आणि जून-जुलैत पुन्हा हाताच्या अंतरावर येऊ शकते. म्हणून पहिल्या वेळी मिळाली नाही तरी त्या दोन छेदणाऱ्या रेषांचे फोटो जपून ठेवा. समुद्र खवळलेला असताना मात्र ओल्या पट्ट्याकडे फिरकू नका, उघडीप बघून ओहोटीलाच जा.

गोठा, विसर्जन, विहीर

वैरणीत किंवा टरफलांत दागिना पडला आणि जनावराने गिळला, असं दरवर्षी कुठेतरी होतं. २०२३ साली वाशीम जिल्ह्यात म्हशीने मंगळसूत्र गिळलं होतं. पशुवैद्यकांनी मेटल डिटेक्टरने पोटातली जागा निश्चित केली आणि शस्त्रक्रिया करून ते काढलं. घरी हातातला डिटेक्टर जनावराच्या पोटावरून फिरवून बघता येतो, पण आधी गळ्यातली साखळी, घंटा काढा. शिवाय जनावरांच्या पोटात खिळे-तारा असतात, त्यामुळे आवाज आला म्हणजे दागिनाच, असं नाही. पुढचं पशुवैद्यकांवर सोपवा.

गणपतीच्या मूर्तीवरचा हार किंवा कंठी काढायची राहून विसर्जन झालं, तर त्याच रात्री विसर्जनस्थळी असलेल्या कर्मचाऱ्यांना गाठा. कृत्रिम हौद असेल तर मिळण्याची शक्यता चांगली. शाडू आणि प्लॅस्टर दोन्ही मशीनला अडवत नाहीत. अडवतात ते हौदाचे लोखंडी सांगाडे. म्हणून परवानगीने लगदा बाहेर ताडपत्रीवर, लोखंडापासून दूर काढून तपासायचा. निर्माल्यकलशाचंही तसंच.

विहिरीत पडलेल्या सोन्या-चांदीला लोहचुंबक लागत नाही. ते घेऊन वेळ घालवू नका. पाणी उपसून गाळ बाहेर काढून तपासणं हाच मार्ग, आणि विहिरीत माणूस उतरवताना आत हवा आहे याची खात्री करूनच उतरवा. बेसिनमध्ये पडलेल्या अंगठीला डिटेक्टर लागतच नाही. पाणी बंद करा, खाली बादली ठेवा आणि वाकड्या पाइपाची बाटली फिरवून काढा.

परवानगी आणि कायदा

खासगी जमिनीत मालकाची परवानगी घ्या. पुळणीवर जाण्याआधी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला कळवते, आणि दागिना हरवल्याच्या नोंदीची प्रत खिशात ठेवते. मशीन बघून लोक जमतात, तेव्हा ती प्रत दाखवली की शंका मिटते. किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकांच्या आवारात खणणं गुन्हा आहे. तिथे अंगठी पडली तर तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा आणि जमिनीवरचं तेवढं डोळ्यांनी शोधा.

अंगठी शोधताना शिवराई किंवा एखादं जुनं नाणं हाती येऊ शकतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त मोलाचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ते घासून चकचकीत करू नका, आहे तसं ठेवून कळवा.

दुसऱ्याच कुणाची अंगठी मिळाली तर ती आपली होत नाही. मालक शोधता येत असताना ठेवून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली येतं. मी अशा अंगठ्या फोटो काढून, वजन लिहून पोलीस ठाण्यात देते. वस्तूची पूर्ण ओळख फोटोसकट जाहीर करायची नाही, आतल्या बाजूचं नाव किंवा तारीख राखून ठेवायची. खऱ्या मालकिणीला ते सांगता येतं.

मिळाल्यावर

मिळालेला दागिना लगेच वाळूत उभं राहून हातातून हातात देऊ नका. दोनदा तरी माझ्या डोळ्यांदेखत आनंदाच्या भरात अंगठी पुन्हा पडली आहे. पिशवीत घालून, गाडीपाशी जाऊन द्या. गोड्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या, घासू नका. वाळूने सोन्यावर चरे उठतात. मोत्यांची नथ, कुड्या साबणाच्या पाण्यात घालू नका, ओल्या मऊ कापडाने पुसा.

मंगळसूत्र तुटून पडलं असेल तर तिथल्या तिथे मोजा: वाट्या दोन, सोन्याचे मणी किती, मधलं पदक होतं का. एक वाटी मिळाली आणि दुसरी नाही, तर खुंट्या काढू नका. हातात आता अगदी नेमका नमुना आहे. ती वाटी त्याच मातीवर ठेवून आकडा बघा आणि जिथे पहिली मिळाली तिथून दोन मीटरचा चौकोन नव्याने आखा. दोरा तुटल्यावर बाई चालत राहिलेली असते, त्यामुळे दुसरी वाटी मला बऱ्याचदा तिच्या चालण्याच्या दिशेने, काही पावलं पुढे मिळाली आहे. सगळं मोजून पुरं झालं की खड्डे बुजवा, सुतळी गुंडाळा, आणि गहाळ झाल्याची नोंद केली असेल तर दागिना सापडल्याचं त्याच दिवशी पोलिसांना कळवा.